वाचकांचे प्रश्न : मेंढ्या गिरणीत, भांडार रिकामे

प्रश्न : ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणक-खेळाच्या 2022 मधल्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ विस्तारातले गुर्जर खेळायला घेतले, की सुरुवातीलाच अन्न संपते. त्यातल्या नव्या तिघांपैकी (गुर्जर, द्रविड, बंगाली) आधी कोण घ्यावे?

उत्तर : बहुधा तुम्ही सगळ्या मेंढ्या लगेच गिरणीत घालता. तिथून अन्न थेंबाथेंबाने येते. एक गावकरी 50 अन्न खातो आणि 25 सेकंदांत तयार होतो, म्हणजे सेकंदाला 2 अन्न हवेच. सुरुवातीच्या 200 लाकडात दोन घरे 50 ची, उरलेल्यात गिरणी 100 ची बसते. गुर्जरांना टाउन सेंटरजवळच (गावकरी तयार होतात ती मुख्य इमारत) दोन बोरीची झुडपे मिळतात. गावकरी तिथे लावा. काही मेंढ्या गिरणीत ठेवा, पण अन्न 50 च्या खाली जाऊ लागले की उरलेल्यांतली एक बिनदिक्कत कापा. रानडुकरे सोडू नका. पुढे गुर्जरांचा खास घोडेस्वार, श्रीवंश स्वार, ढालीने बाण चुकवतो, ही त्याची खरी मजा! ती ढाल पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून वार करून मागे घ्या. भालेकऱ्यांत घुसवलात तर गेला.

नवख्याने द्रविड घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत. नव्या युगात (खेळाच्या पुढच्या टप्प्यात) जाताच 200 लाकूड मिळते आणि 175 ची तिरंदाजांची इमारत लगेच बांधायला घेता येते. नाइट (जड घोडेस्वार) मात्र नाहीत, त्यामुळे शत्रूच्या घोडदळापुढे भालेकरी आधी तयार हवेत.

बंगालींना नव्या युगात टाउन सेंटरमधून 2 गावकरी फुकट मिळतात; त्यांचा जोर लांबलेल्या डावात दिसतो.