वाचक विचारतात : थायरॉईडवर रिसर्च करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली आहो, आता एमबीबीएस सेकंड इयरले. माह्या मायले, मावशीले आणि गल्लीतल्या कित्येक बायायले थायरॉईडची गोळी सुरू आहे. मले यावरच रिसर्च करायचा आहे, पण सीनियर म्हणतात का रिसर्चमध्ये काही ठेवलं नाही, एमडी कर अन् यवतमाळले दवाखाना टाक. एक सर तर म्हणाले का थायरॉईडचा सगळा शोध लागून गेला, टीएसएच (थायरॉईड कमी पडलं का रक्तात वाढते ते हार्मोन) पाहायचा अन् गोळी लिहायची. खरंच काही उरलं नाही काय? अन् हे गावाकडं राहून होते काय?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला बाई, खरं सांगते. उरलंय गं, भरपूर उरलंय, आणि त्यातलं बरंचसं तुझ्याच तालुक्यात पडून आहे.

हे बघ. आपल्या देशात हायपोथायरॉईड, म्हणजे थायरॉईड कमी पडणं, किती लोकांना आहे असं विचारलं की सगळे एकच आकडा सांगतात, १०-११ टक्के. तो २०१३ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासातला आहे, पाच हजारांवर मोठी माणसं तपासली होती, काम चांगलंच झालं होतं, पण ती माणसं कुठली तर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि गोवा. यात दारव्हा कुठं आहे, घाटंजी कुठं आहे, एटापल्ली कुठं आहे? शहरातला आकडा उचलून आपण कापूस वेचणाऱ्या बाईला लावून मोकळे होतो. तिच्या गावात तो खरा आहे का, हे कुणीतरी घरोघरी जाऊन पाहायला पाहिजे की नाही?

आता गोळीचं सांगते. ओपीडीत एक बाई यायच्या, डोस वाढवत नेला तरी टीएसएच खाली येईना. "गोळी तं रोज घेतो जी मॅडम, एक दिवस नाई चुकवली." आणि त्या खरंच बोलत होत्या. नीट विचारलं तेव्हा कळलं की पहाटे निंदायला जायच्या आधी चहासोबत थायरॉईडची गोळी आणि त्याच घोटात रक्तवाढीची लाल गोळी. लोह आणि कॅल्शियम हे थायरॉईडचं औषध पोटातच धरून ठेवतात, अंगाला लागू देत नाहीत, म्हणून चार तासांचं अंतर लागतं आणि सकाळची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्यावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय डबी ठेवलेली कुठं, तर टिनाच्या छताखाली भिंतीतल्या कोनाड्यात. लिव्होथायरॉक्सिनला, म्हणजे या गोळीतल्या औषधाला, ऊन, उजेड आणि ओल तिन्ही सोसत नाही, डबीवर थंड जागी ठेवा असं लिहिलेलंच असतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात सावलीत ४५ डिग्री, टिनाखाली तर विचारूच नको. मग मृग लागेपर्यंत त्या गोळीत औषध किती शिल्लक राहत असेल? हा प्रश्न मला स्वतःला फार छळतो. याला काही परदेशी लॅब लागत नाही, काही डब्या टिनाखाली ठेवायच्या, काही माठाजवळ गारव्यात ठेवायच्या, आणि उन्हाळा संपला की फार्मसी कॉलेजमधल्या एचपीएलसी मशीनवर (गोळीत औषध किती आहे ते मोजणारं यंत्र) दोन्हीकडच्या गोळ्या मोजायच्या.

आणि सगळ्यात मोठं काम बाळांचं. भारतात साधारण हजारभर बाळांमागे एक बाळ जन्मतःच थायरॉईड कमी घेऊन येतं. दिसायला चांगलं असतं, दूध पितं, झोपाळू असतं एवढंच, आणि घरचे म्हणतात लेकरू शहाणं आहे, रडत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर लेकरांसारखंच वाढतं, उशीर झाला तर मेंदूचं जे नुकसान होतं ते मागाहून कितीही गोळ्या देऊन भरून निघत नाही. टाचेतून रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर घेऊन हे ओळखता येतं, कॅनडात क्युबेकमध्ये ज्याँ दुसो यांनी १९७० च्या दशकातच हे करून दाखवलं. मग आपल्याकडं अडतं कुठं? पहिलं बाळंतपण माहेरी, तपासणी झालीच तर नंबर दिलेला नवऱ्याचा, तो कामाला पुण्याला, रिपोर्ट येईस्तोवर आई बाळ घेऊन तिसऱ्याच गावी. कागदावर टीएसएच वाढलेला आणि बाळाचा पत्ता नाही! ते बाळ आठवडाभरात कसं शोधायचं, आशाताईमार्फत की एएनएममार्फत की आणखी कशानं, याचं उत्तर मोठ्या शहरातला प्रोफेसर देऊ शकत नाही गं, त्याला माहेर-सासरचा हा घोळ माहीतच नसतो. तुला माहीत आहे.

गावाकडं राहून होतं का असं विचारलंस म्हणून हाशिमोटोंचं सांगते. ज्यांच्या नावानं आपण रोज "हाशिमोटो थायरॉयडायटिस" (शरीरच थायरॉईडवर हल्ला करतं तो आजार) लिहितो ते हाकारू हाशिमोटो जपानमधले, डॉक्टरांच्याच घराण्यातले. १९१२ साली, वय तिशीच्या आसपास असताना, त्यांनी चार बायकांच्या काढलेल्या थायरॉईड गाठी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या आणि जर्मन भाषेत पेपर लिहिला. पुढं ते गावी परतले, घरचा दवाखाना सांभाळला आणि १९३४ मध्ये टायफॉईडनं गेले. शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध अँटीबॉडी बनवतं हे लंडनच्या रॉइट, डोनियाक आणि कॅम्पबेल यांनी दाखवलं ते १९५६ मध्ये. चारच पेशंट, पण इतकं बारीक पाहून लिहिलेलं की चाळीस वर्षांनी जगाला त्याच्याच पायावर पुढं जाता आलं.

आणि आपल्याच देशातलं काम बघ. त्याच १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात अभ्यास सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांत आयोडीनचं मीठ दिलं, एका भागात साधं, आणि वर्षानुवर्षं शाळेतल्या पोरांच्या गळ्याला हात लावून गलगंड मोजत राहिले. आयोडीनच्या भागांत गलगंड उतरला, साध्या मिठाच्या भागात नाही. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो या कामाच्या जोरावर. आज तुझ्या मायच्या डब्यातलं मीठ तिथून आलंय. हा रिसर्च खेड्यातच झाला, दुसरीकडं होऊच शकला नसता.

आता तू काय करायचं ते. आयसीएमआरची (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप असते, एमबीबीएस-बीडीएसच्या पोरांसाठी, दोन महिन्यांचं छोटं काम आणि त्याचे पैसेही मिळतात. मेडिसिन, पीडियाट्रिक्स किंवा पीएसएम (समाजवैद्यक) विभागातला एक चांगला गाईड आतापासूनच पकड. विषय लहान ठेव, उदाहरणार्थ एका पीएचसीत थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या बायका त्या कधी आणि कशासोबत घेतात, एवढंच. एथिक्स कमिटीची परवानगी आल्याशिवाय एकाही बाईला प्रश्न विचारायचा नाही, आणि संमतीचा कागद त्यांना कळेल अशा भाषेत हवा, पुस्तकी मराठीत नको. सेवाग्रामच्या कॉलेजात तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्याशी बोल, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये ते खेड्यासाठीच सुरू केलं आणि गावात जाऊन काम करायची सवय तिथं पहिल्यापासून लावतात. दवाखाना टाकायचा तर तोही टाक की, हाशिमोटोंनी सांभाळलाच ना. फक्त प्रत्येक पेशंटचं नीट लिहून ठेवायची सवय आजपासून लाव.

प्रश्न : मॅडम, मी कास्तकार आहो. पोरगी एमबीबीएसले आहे, एंडोक्रिनॉलॉजीचं (हार्मोनच्या आजारांचं) डीएम करतो म्हणते. अजून किती वर्षं लागतील अन् पैसा किती लागन? घरचे लग्नासाठी मागं लागले आहेत.
– एक वडील, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, त्यात इंटर्नशिप आली. मग नीट पीजी, तीन वर्षं एमडी, मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्समध्ये. मग सुपर स्पेशालिटीची परीक्षा आणि डीएमची आणखी तीन वर्षं. लांब आहे, लपवत नाही. पण एमडी आणि डीएम करताना स्टायपेंड मिळतो, सरकारी कॉलेजात नंबर लागला तर घरून फारसं काही द्यावं लागत नाही. खाजगीची फी मात्र जमीन विकायला लावेल, ते करू नका, एक वर्ष जास्त अभ्यास करू द्या तिला. लग्नाचं तिलाच विचारा. ठरलंच तर सासरच्या लोकांशी ही वर्षं आधीच मोकळी बोलून घ्या, नंतर सांगू म्हणून ठेवू नका, कारण अर्ध्यात सुटलेलं डीएम पुन्हा धरणं फार अवघड जातं.

प्रश्न : ताई, माझा नीटमध्ये नंबर लागला नाही, मी चिखलीला बीएस्सी केमिस्ट्री करतो. डॉक्टर न होता थायरॉईडवर काम करता येईल का?
– एक विद्यार्थी, जि. बुलढाणा

उत्तर : येईल, का नाही येणार! थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं मुख्य हार्मोन, पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं ते एडवर्ड केंडल यांनी, १९१४ च्या ख्रिसमसला, आणि ते डॉक्टर नव्हते, केमिस्ट होते. १९५२ मध्ये टी-थ्री (थायरॉईडचं दुसरं हार्मोन) शोधणाऱ्या जोडीतल्या रोझलिंड पिट-रिव्हर्सही केमिस्ट्रीच्याच. तू एमएस्सी कर, बायोकेमिस्ट्री घेतलीस तर उत्तम, मग सीएसआयआर नेट किंवा आयसीएमआरची जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा दे आणि फेलोशिपवर पीएचडी कर.

तुझ्या विषयातलंच एक काम सांगते. खाल्लेलं बहुतेक आयोडीन लघवीतून बाहेर पडतं, म्हणून गावात आयोडीन पुरतंय का हे शाळेतल्या पोरांच्या लघवीच्या नमुन्यांवरून कळतं, मधला आकडा लिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली गेला की गावाला कमी पडतंय असं समजायचं. मोजायची पद्धत सँडेल-कोल्थॉफ. सेरिक अमोनियम सल्फेटचा पिवळा रंग आर्सेनियस अ‍ॅसिडसोबत हळूहळू उडतो, आणि आयोडीन जितकं जास्त तितका तो लवकर उडतो, घड्याळ लावून तेच पाहायचं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला चालेल असं आहे हे, गाईडला विचार. मात्र आर्सेनिक विषारी असतं, सर समोर असल्याशिवाय त्या बाटलीला हात लावायचा नाही, आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये जमा करायचं.