ख्रिश्चन संस्थेत बीएस्सी नर्सिंग केलं तर मुलीवर धर्माची सक्ती होते का?

नाही. तुम्ही कोल्हापूरचे, घरी अंबाबाईचं सगळं करणारे, म्हणून आईंना धास्ती वाटते हे समजतं. पण राज्यघटनेचं कलम 28(3) स्पष्ट आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय प्रार्थनेला किंवा धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. मुलगी 18 च्या आतली असेल तर संमती पालकांची लागते. माझी मावसबहीण अशाच एका कॉलेजात शिकली. सकाळी चॅपल, म्हणजे प्रार्थना, असायचं. ती आवडीनं जायची, गाणी छान असतात म्हणून! आजही संकष्टी करते. दीपप्रज्वलन आणि नाइटिंगेल शपथ बघून घाबरू नका, ती नर्सिंगचीच रीत आहे.

खरी चौकशी दुसरीकडे करा. पदवी कुठल्याही विद्यापीठाची असो, इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि त्या राज्याच्या नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का ते पाहा. अभ्यासक्रम 4 वर्षांचा, 8 सेमिस्टरचा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवेच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) चर्च-प्रायोजित जागा असतात, पण त्या घेणाऱ्यांना नंतर मिशन हॉस्पिटलात सेवेची अट असते. अशा सेवेचा करार, म्हणजे बाँड, वाचल्याशिवाय सही नको.

आणि लांब कशाला, आपल्या शेजारी मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना उभा केला. आपल्या भागातल्या किती घरांतल्या पोरी तिथं नर्स झाल्या, आईंना जुन्या माणसांकडून ऐकू द्या.