मीटिंग सहाची, सुरू होते पावणेसातला!

प्रश्न: आमचा वीस-बावीस जणांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा मीटिंग असते. वेळ सहाची, पण सगळे जमेपर्यंत पावणेसात होतात, मग तेच दोघंतिघं बोलत बसतात आणि खर्चाचा विषय निघेपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात. मी नवीनच सेक्रेटरी झालोय. उशिरा येणाऱ्यांना दंड लावू का? वाईटपणा घ्यायचा नाहीये.

उत्तर: दंड अजिबात नको. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावून बघितला होता, तर उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाले (२००० साली हा अभ्यास छापून आलाय), कारण पैसे भरले की अपराधी वाटायचं कारणच उरत नाही. आणि दंड बंद केल्यावरही ते काही पूर्वीसारखे वेळेवर यायला लागले नाहीत.

तुमच्याकडे खरी शिक्षा वेळेवर येणाऱ्यांनाच होतेय, पाऊण तास नुसतं बसून राहायची! लोकांना माहितीये की सहा म्हणजे पावणेसात, मग सहाला कोण कशाला येईल. त्यामुळे जेवढे आलेत तेवढ्यांना घेऊन सहाला सुरू करा. कोरम (निर्णयासाठी लागणारी किमान हजेरी) नसेल तर मतदान थांबवा, पण मागचं इतिवृत्त वाचून घेणं, मागच्या कामांचं काय झालं ते विचारणं, एवढं तर होतंच ना. मागून आलेल्यासाठी पहिल्यापासून सांगत बसू नका, शेजारी बसलेला सांगेल हळूच.

खर्चाचा विषय शेवटी ठेवता कशाला? गर्दी पूर्ण असते तेव्हा, म्हणजे पावणेसातच्या आसपास घ्या. अजेंडा दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर टाका आणि प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहा, नाहीतर बॅनरचा रंग कुठला यावर अर्धा तास जातो आणि हिशोब दोन मिनिटांत मंजूर.

आता बोलणारे. रॉबर्ट्स रूल्स म्हणून सभेचे जुने नियम आहेत, त्यात एक फार कामाचा आहे: ज्याला बोलायचंय त्या प्रत्येकाचं एकदा बोलून झाल्याशिवाय त्याच विषयावर कुणाला दुसऱ्यांदा संधी नाही. हा नियम सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे नंतर अडवलं तरी ते तुम्ही अडवलं असं होत नाही, वाईटपणा नियमाच्या माथी. घड्याळ मात्र अध्यक्षांकडे देऊ नका, ते स्वतःच चर्चेत गुंततात. टोस्टमास्टर्स म्हणून भाषणाचा सराव करणारे क्लब असतात, त्यांच्या मीटिंगमध्ये वेळ बघणारा माणूस वेगळा असतो, तो हिरवं-पिवळं-लाल कार्ड दाखवतो, मधेच तोंडाने टोकावं लागत नाही.

ऐनवेळचे विषय फक्त पाच मिनिटं, उरलेले पुढच्या वेळी, आणि संपायची वेळही पाळा, नाहीतर लोक मधूनच उठणार. कोणतं काम, कोणी, कधीपर्यंत, एवढं त्याच रात्री ग्रुपवर टाका, सविस्तर इतिवृत्त सावकाश लिहा.

आणि अध्यक्षच उशिरा येणारे असतील तर (बऱ्याचदा असतात!) हजर असलेल्यांतून त्या सभेपुरता अध्यक्ष निवडून सुरू करा. पण हे त्यांना आधी फोन करून सांगा बरं का.