साथ येते आणि साथ देतात

सोलापुरातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. निबंधस्पर्धेसाठी तिने वाक्य लिहिलं: ‘साथीच्या काळातही हवामान-संशोधकांनी एकमेकांची साथ सोडली नाही.’ बाईंनी लाल शाईने पहिली ‘साथ’ खोडून ‘महामारी’ केली, दुसरीच्या जागी ‘सहकार्य’ बसवलं आणि समासात शेरा मारला: ‘द्विरुक्ती. शिवाय साथ हा हिंदी शब्द.’ बाईंचं बरोबर का, असं मुलगी विचारते.

नाही. दोन खोडाखोडी आणि एक शेरा, तिन्ही चूक.

आधी महामारी. शब्द संस्कृत आहे, जुना आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. पण 2020च्या मार्चपासून तो हिंदी वाहिन्यांच्या सरकत्या पट्टीवरून आपल्याकडे उतरला आणि घरातल्या ‘साथी’ला ओसरीवर बसवलं. त्याच महिन्यात सरकारने जो कायदा लागू केला, त्याचं मराठी नाव ‘साथरोग प्रतिबंधक कायदा, 1897’. बंद दुकानांच्या शटरवर डकवलेल्या आदेशांत ते पहिल्या दोन ओळींतच असायचं. सरकारी मराठीपेक्षा निबंधाचं मराठी कोरडं असावं, हे नवल. आणि डोळे आले की तुम्ही ‘डोळ्यांची महामारी’ म्हणता का हो?

‘सहकार्य’ तर विचारूच नका. आमच्या सोलापुरात सहकार म्हणजे ऊस, आणि सहकार्य म्हणजे भोंगा लावलेली रिक्षा: ‘पाणी एक दिवस उशिरा येईल, नागरिकांनी सहकार्य करावे.’ म्हणजे घागरी घेऊन गप्प बसावे. शास्त्रज्ञांनी जे केलं ते गप्प बसणं नव्हतं.

आता तो ‘हिंदी’वाला शेरा. हिंदीत साथ आहे, पण ती सोबत या अर्थाची. हिंदी माणसाला ‘गावात साथ आली’ म्हणा, तो दाराकडे पाहील, कोण आलं म्हणून. रोगाचा अर्थ मराठीने स्वतः कमावलेला आहे. तो कसा, हीच खरी मौज.

साथ आला ‘सार्थ’वरून. संस्कृत सार्थ, प्राकृत सत्थ, मराठी साथ. चतुर्थचा चौथा, मस्तकाचा माथा, तसाच हा. आमच्या वाचनालयातले एक निवृत्त गृहस्थ दर रविवारी मला ऐकवतात की साथ ‘सह’पासून निघाला. ‘सह’ला थ कुठून फुटला, असं विचारलं की ते चहा मागवतात. असो. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अर्थासह जो तो सार्थ, म्हणजे माल घेऊन निघालेला. आपल्याला तो शब्द आता फक्त ‘सार्थ ज्ञानेश्वरी’च्या मुखपृष्ठावर भेटतो आणि तिथे अर्थ म्हणजे भावार्थ, पैसा नव्हे. तांड्याचा म्होरक्या तो सार्थवाह. नळाने टाकल्यावर दमयंती रानात ज्या लोकांना जाऊन मिळते, तो असा सार्थच. रात्री तळ्याकाठी मुक्काम पडतो आणि रानहत्ती अख्खा तांडा तुडवून जातात.

आणि हे तांडे काही पुराणातच चालत नव्हते. बार्शीच्या पलीकडे तेर आहे, जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठण आणि तगर दोन्ही येतात. इथलं कापड गाड्यांवर लादून, वाट ना घाट अशा मुलखातून भडोचच्या बंदरात जायचं. आता माझं म्हणणं ऐका. तांडा गावात येतो तेव्हा मीठ येतं, कापड येतं, बातमी येते, आणि तिच्यामागून आजारही येतो. गावाला ‘साथ आली’ एवढंच दिसतं. साथ निघून जाते, गावात मागे उरतं ते दुखणं, आणि नाव त्यालाच चिकटतं.

यावर विद्वानांचा आक्षेप ठरलेला. म्हणे रोग एकाच वेळी पुष्कळांना होतो, रोगी एकमेकांच्या सोबतीला असतात, म्हणून साथ. छान. मग लग्नाच्या पंगतीत दोनशे माणसांना एकदम उलट्या झाल्या तर तुम्ही काय म्हणता? विषबाधा. साथ म्हणत नाही. कारण ती चालत आली नाही, पातेल्यात होती. साथीला पाय लागतात. ती येते, पसरते, या गावाहून त्या गावाला जाते, ओसरते. क्रियापदं बघा, सगळी वाटचालीची. आणि सोबतीच्या साथीची? देतात, करतात, सोडतात. एक साथ आपण होऊन येते, दुसरी माणसाला द्यावी लागते. क्रियापद शेजारी असलं की घोटाळा होत नाही, म्हणून ही द्विरुक्तीही नव्हे.

घोटाळा करते ती तृतीया. ‘कोरोनाच्या साथीने आपण हे संकट पार करू’ हे मी इतक्या निवेदकांच्या तोंडून ऐकलंय की कान किटले. अहो, कोरोनाला सोबत घेऊन कुठे निघालात? साथीत म्हणा, साथीमुळे म्हणा.

साथीला पाय असतात हे आमच्या गावांना पक्कं ठाऊक होतं. आजी सांगायची, पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा गाडा काढायचे. हातभर लाकडी गाडा, त्यात हिरव्या बांगड्या, खण, लिंबं. वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे ढकलून मागे न बघता परतायचं. पलीकडचं गाव पुढच्या शिवेवर ढकलणार. साथ होती, पण कोणी कोणाला साथ देत नव्हतं.

म्हणून तर त्या मुलीने निबंधात घेतलेलं जहाज मला आवडलं. जर्मनीचं संशोधन-जहाज ‘पोलारश्टर्न’, म्हणजे ध्रुवतारा. सप्टेंबर 2019मध्ये ते नॉर्वेच्या ट्रॉम्सोहून निघालं आणि उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मुद्दाम स्वतःला गोठवून घेऊन जवळपास वर्षभर बर्फासोबत वाहत राहिलं. 20 देश, शेकडो संशोधक. बर्फ, हवा, समुद्र यांची मोजदाद. नॉर्वेच्या नान्सेन या ध्रुवसंशोधकाने 1893 ते 1896 या काळात ‘फ्राम’ जहाज असंच वाहतं सोडलं होतं. माणसं पाळीपाळीने बदलायची होती. 2020च्या वसंतात पुढची तुकडी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरून विमानाने जायची आणि नेमक्या सीमा बंद झाल्या. मग काय केलं? नव्या तुकडीला जर्मनीत वेगळं ठेवलं, तपासलं, ‘झोने’ आणि ‘मारिया एस. मेरियान’ या दोन जहाजांतून पाठवलं. पोलारश्टर्न मेच्या मध्यावर आपला हिमखंड सोडून त्यांना भेटायला स्वालबार्डपर्यंत खाली आलं, माणसं आणि शिधा बदलला, जूनमध्ये परत त्याच बर्फाला जाऊन लागलं. दरम्यान बर्फावर ठेवलेली काही यंत्रं एकटीच मोजत होती. जहाज 12 ऑक्टोबर 2020ला ब्रेमरहाफेनला परतलं. हा माझ्या दृष्टीने अस्सल सार्थ: माल आहे, वाट आहे, म्होरक्या आहे, आणि आजार सोबत येऊ नये म्हणून शिवेवर थांबवलेली माणसंही आहेत.

तिने न घेतलेली एक गोष्ट मी पुरवतो. प्रवासी विमानं उडता उडता तापमान आणि वारा नोंदवतात, अंदाज त्यावर चालतात. विमानं जमिनीवर बसली तेव्हा या नोंदी सरासरी 75 ते 80 टक्क्यांनी घटल्याचं जागतिक हवामान संघटनेने मे 2020मध्ये सांगितलं. युरोपातल्या काही हवामान खात्यांनी मग जादा बलून सोडले, आणि त्यांच्या नोंदी सगळ्यांच्याच कामी आल्या, कारण वारा शीव मानत नाही. पावसासाठी मान वर करून बसलेल्या आम्हा पर्जन्यछायेतल्यांना हे वेगळं सांगायला नको. 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ढगांवरचे प्रयोग सोलापूरच्याच आकाशात झाले. त्या विमानाचा आवाज आला की गल्लीतली पोरं ‘कृत्रिम पाऊस आला बे’ म्हणून ओरडायची.

हां, मूळ प्रश्न. वाक्य जसं लिहिलंस तसंच ठेव, दोन्ही साथींसह. बाईंना विरोध करायचा नसेल तर क्रियापदांचा परिच्छेद तेवढा वाचायला दे, गाड्याचा वगळ. आणि एक खरी चूक आहे, ती लाल शाईला दिसली नाही: ‘ध्रूव’ असं दीर्घ लिहिलंयस. ध्रुव ऱ्हस्व.