“ताई, मी हावरट झालेय का?”

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. वय ४२, बँकेत नोकरी. भाचीच्या लग्नासाठी सात महिन्यांत ८२ किलोंवरून ६९ वर आल्या होत्या, आता पुन्हा ७९. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) “रात्री सगळे झोपले की मी डबे उघडते. शिळी पोळी, शेव, काहीही. सासूबाई म्हणतात, जिभेवर ताबा नाही.” बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

आहारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो आणि दर वेळी वाईट वाटतं. भूक सोसून १३ किलो उतरवणाऱ्या बाईला स्वतःचीच लाज वाटावी?

मी कागदावर मेंदूचं चित्र काढलं. तळाशी हायपोथॅलॅमस, भुकेचा कारभार बघणारा भाग. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) रक्तात सोडतात. ते १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूनं शोधलं. साठा किती आहे, हे मेंदूला त्यावरून कळतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं. मग भूक चेतवणाऱ्या चेतापेशी जोर धरतात, तृप्ती देणाऱ्या मंदावतात आणि शरीर ऊर्जाही जपून खर्च करू लागतं. जठरातून येणारं भुकेचं संप्रेरक घ्रेलिन वाढतं, ते वेगळंच. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला होता. वजन उतरल्यावर वर्ष लोटलं, तरी त्यांची ही संप्रेरकं आणि भूक पूर्वपदावर आलेली नव्हती.

“मग लेप्टिनचं इंजेक्शन घेऊ?” त्यांनी लगेच विचारलं. पण वजन उतरवायला त्याचा खरा उपयोग जन्मतःच लेप्टिन न बनणाऱ्या मोजक्या लोकांना होतो. बहुतेक लठ्ठ माणसांत ते भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही.

दिवसभराचं खाणं विचारलं. दुपारी दीडचा डबा, मग रात्री साडेनऊपर्यंत फक्त चहा, आणि जेवायला एक फुलका नि सूप. रात्री डबे उघडणारच! आम्ही वजन उतरवण्याचं उद्दिष्ट सहा महिने बाजूला ठेवलं. आहे ते टिकवायचं, एवढंच. पाच वाजता वाटीभर उसळ, रात्री पोळी, भाजी नि घट्ट वरण, अकराला झोप. थायरॉइड आणि साखर तपासायला डॉक्टरांकडे पाठवलं. गरज पडली तर औषधांचाही विचार त्यांच्याशीच करायचा, हेही सांगितलं. त्यात कमीपणा काहीच नाही.

तिसऱ्या भेटीला मी सासूबाईंनाही बोलावलं. तेच चित्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, “वजन झपाट्यानं उतरलं की मेंदूला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं.”

त्या मूळच्या सोलापूरकडच्या. बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो. मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, खाऊन दिवस काढले. पुढं पाऊस झाला, ज्वारी आली, तरी आई दोन वर्षं मडक्यात दाणे लपवून ठेवायची. कुणी कितीही सांगितलं तरी ऐकायची नाही.”

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

पुढच्या भेटीला वजन ७९च होतं. रात्रीचे डबे आठवड्यातून एखाद्या वेळी उघडत होते. आणि पाचची उसळ आता सासूबाई मोड आणून, डब्यात भरून देत होत्या.