जुन्या ओम्नीत भंगारातली ईव्ही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार, माझी २०१४ ची ओम्नी आहे, इंजिन पार गेलंय पण पत्रा अजून ठणठणीत. ठोकलेल्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर-बॅटरी भंगारातून आणून तिच्यात बसवायचा विचार आहे. रोज शेत ते गाव तीस-चाळीस किलोमीटर होतं. पाहुणे म्हणतात मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात जा, सगळं मिळतं. सुरुवात कुठून करू? बजेट कमी आहे. – एक वाचक, कागल

उत्तर : दादा, सुरुवात कुर्ल्यातून नको, आरटीओतून करा. मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम सांगतं की आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी तुम्ही परस्पर करायची नाही. पेट्रोलची इलेक्ट्रिक करायची तर एआयएस-१२३ या वाहन मानकाप्रमाणे पास झालेलं किट लागतं, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने तपासलेलं, आणि ते अधिकृत माणसानेच बसवायचं, मग आरसीवर इंधन बदलून मिळतं. भंगारातली मोटर कितीही भारी निघाली तरी तिच्याकडे हा कागद नसतो, आणि उद्या रस्त्यावर कुणाला धक्का लागला तर विमावाला पहिलं तेच विचारणार. तुम्ही शेत ते गाव म्हणता, कागलात तर हायवे दारातच आहे, तेव्हा रोज रस्त्यावर काढायची असेल तर माझं उत्तर सरळ 'नको' असं आहे, किटचेच कोटेशन मागवा.

पण शेतातल्या शेतात, गुऱ्हाळावर, कंपाउंडच्या आत फिरवायची असेल तर मात्र पुढचं वाचा, कारण ओम्नी या कामाला फार सोयीची गाडी आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, गिअरबॉक्स त्याच्या मागे, तिथून शाफ्ट मागच्या चाकांना. इंजिन काढलं की जागा मोकळी, गिअरबॉक्स आहे तसा ठेवायचा आणि त्याला मोटर मधे एक प्लेट आणि कपलर करून जोडायची. ते काम कोल्हापुरात उद्यमनगरातला कुठलाही चांगला लेथवाला करून देईल, फक्त सेंटर काटेकोर जुळवून घ्या, थोडं जरी चुकलं तरी आवाज येतो आणि बेअरिंग जातं.

आता मोटर कुठली? नेक्सॉन ईव्ही ठोकलेली मिळाली की सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण तिचं बॅटरीचं पॅक तीनशे व्होल्टच्या वर असतं, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तिचे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात. इन्व्हर्टरला (बॅटरीचा डीसी करंट मोटरसाठी एसी करणाऱ्या डब्याला) बाकीच्यांचा निरोप मिळाला नाही की तो गप्प बसतो, मोटर नुसती शोभेची राहते. त्यापेक्षा महिंद्राची ई२ओ (४८ व्होल्ट, २०१३ ची) किंवा ई-व्हेरिटो (७२ व्होल्ट) शोधा. दोन्हींत इंडक्शन मोटर (आत चुंबक नसलेली साधी मोटर) आहे, व्होल्टेज कमी आहे आणि ओम्नीच्या वजनाला पुरते. ई-व्हेरिटोची मोटर चाळीस एचपीच्या आसपासची, ओम्नीचं ७९६ सीसी इंजिनसुद्धा त्याहून कमीच होतं.

जमलं तर सुटे पार्ट घेऊच नका, अख्खी ठोकलेली गाडी घ्या. विमा कंपन्यांच्या टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही अशा, गाड्या लिलावात निघतात. मोटर तर सगळेच विकतात हो, पण तिच्याबरोबर कंट्रोलर, ॲक्सिलरेटर पेडल, चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर (दिवे-हॉर्नसाठी १२ व्होल्ट करणारा), काँटॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) आणि मुख्य म्हणजे वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरांचा अख्खा जुडगा, कनेक्टरांसकट पाहिजे. भंगारवाला कटरने हार्नेस कापतो आणि तांब्याच्या भावात विकतो, मग तोच कनेक्टर शोधत तुम्ही महिनाभर फिरता. गाडी घेणं जमत नसेल तर कुर्ल्यात किंवा दिल्लीच्या मायापुरीत जाऊन निदान इतकं सांगा की वायर कापू नको, प्लग काढून दे. आणि बिल घ्या, त्यावर चॅसी नंबर पाहिजे. चोरीचा माल निघाला तर पंचनाम्यात नाव तुमचं.

बॅटरी मात्र या गाड्यांतली घेऊ नका. दहा-दहा वर्षांची झालीय, फुकट दिली तरी महाग. नवे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घ्या. ७२ व्होल्टच्या मोटरचा हिशोब असा, ३.२ व्होल्टचे १०५ अँपिअर-अवरचे २४ सेल लावले की जवळपास ८ किलोवॉट-अवर होतात, त्यातले ८० टक्केच वापरायचे, आणि किलोमीटरला १२० वॉट-अवर धरले तर पन्नासच्या आसपास किलोमीटर निघतात. बीएमएस (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) आणि डीसीचाच फ्यूज लावा, घरच्या एसी करंटचा फ्यूज डीसीचा आर्क, म्हणजे सलग पेटत राहणारी ठिणगी, तोडत नाही. बहुतेक लोक पैसे वाचवतात ते नेमके इथेच.

प्रश्न : ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे पुरात बुडालेल्या ईव्हीची बॅटरी अगदी स्वस्तात आहे. तो म्हणतो पॅक सीलबंद असतं, आयपी-६७ आहे, काही होत नाही. घेऊ का? – चिपळूण

उत्तर : नको. आयपी-६७ म्हणजे नवं पॅक एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, चिपळूणचं पाणी २०२१ साली किती तास आणि किती उंच होतं ते तुम्हाला मी काय सांगू. त्यात खाडीचं खारं पाणी शिरलं असेल तर विषयच संपला. २०२२ साली फ्लोरिडात इयान वादळात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यानंतर पेटल्या होत्या. ते पॅक घराजवळ ठेवूसुद्धा नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला पाहिजे, गॅरेजवाल्याला तेवढं सांगा. त्याच गाडीची मोटर मात्र बघायला हरकत नाही, वाळवून, बेअरिंग बदलून, मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन तपासून मग भाव करा.

प्रश्न : मी लेस्टरला असतो, हौस म्हणून जुनी मॉरिस मायनर इलेक्ट्रिक करतोय. इकडे निस्सान लीफ या इलेक्ट्रिक गाड्या स्वस्तात ब्रेकरकडे (गाड्या तोडून विकणाऱ्याकडे) मिळतात. काय बघून घ्यावी? – एक वाचक, इंग्लंड

उत्तर : तुमच्याकडे मजा आहे राव. लीफच घ्या, ८० किलोवॉटची मोटर आणि २४ किलोवॉट-अवरचं पॅक मायनरला जास्तच आहे. गाडी अजून चालू होत असेल तर लीफस्पाय ॲपवर बॅटरीचं एसओएच (तिची तब्येत किती टक्के उरली ते) बघा, डॅशबोर्डवरच्या बारांवर विसंबू नका. २०१३ पासूनच्या मॉडेलमध्ये चार्जर बॉनेटखाली मोटरवरच आला, त्याआधी तो डिकीत होता, त्यामुळे नंतरची घेतली तर काम सुटसुटीत होतं. पॅकमध्ये ४८ मॉड्यूल असतात. जागा नाही म्हणून थोडीच लावाल तर मूळ बीएमएस कुरकुर करणार, तो सेलच्या ९६ जोड्या मोजतो, मग दुसरा बीएमएस लावावा लागेल. इन्व्हर्टरला जागं करायला ओपनइन्व्हर्टर या हौशी मंडळींच्या गटाचा झॉम्बीव्हर्टर हा कंट्रोल बोर्ड चालतो. उरलेली दारं, सीट, चाकं विकून टाका, बराच खर्च त्यातून निघतो.

एक मात्र करा, मायनरला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, बॅटरीचं वजन वाढायच्या आधी पुढे डिस्क बसवून घ्या. डीव्हीएलएला (तुमच्याकडच्या आरटीओला) इंधन बदल कळवा आणि विमा कंपनीलाही.

प्रश्न : पॅक उघडताना साधे रबरी हातमोजे चालतील का? – डिप्लोमाचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही. हजार व्होल्टचे इन्सुलेटेड पाहिजेत, वरून चामड्याचे. सर्व्हिस प्लग (पॅकचं सर्किट मधेच तोडणारा प्लग) काढ, दहा मिनिटं थांब, मीटर लावून बघ, अंगठी आणि कडं काढून ठेव, आणि पहिल्यांदा तरी एकटा करू नकोस, सरांना बोलव.