मायएसक्यूएल ५.७ मध्ये प्रत्येक गटातले पहिले तीन कसे काढायचे?

प्रत्येक वर्गातल्या विद्यार्थ्यांना गुणांप्रमाणे क्रमांक देऊन पहिले तीन काढायचेत, पण ओळींना क्रमांक देणारं 'रो नंबर' (ROW_NUMBER) फंक्शन लिहिलं की सिंटॅक्स एरर येतो, असं तुम्ही म्हणताय. तो येणारच. ते विंडो फंक्शन आहे, म्हणजे ओळी एकत्र न करता गटातल्या प्रत्येक ओळीसाठी हिशोब करणारं, आणि मायएसक्यूएलमध्ये विंडो फंक्शन्स आली ती ८.० पासून, २०१८ साली.

आधी एक ठरवा: दोघांना सारखेच गुण असतील तर काय करायचं? सगळी क्वेरी त्यावर अवलंबून आहे.

मी अशा वेळी सब-क्वेरीने, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीने, मोजणी करतो. प्रत्येक ओळीसाठी विचारायचं, याच वर्गात याच्यापेक्षा जास्त गुण किती जणांना आहेत? त्यात एक मिळवला की क्रमांक मिळाला. दोघं पहिले आले तर त्यानंतरचा तिसरा ठरतो. तो दुसरा हवा असेल तर काउंटमध्ये डिस्टिंक्ट घालून वेगवेगळे गुण मोजा. एक क्रमांक एकालाच द्यायचा असेल तर अट वाढवा: गुण जास्त, किंवा गुण सारखे पण आयडी लहान. पहिल्या तिघांसाठी हीच मोजणी, एक न मिळवता, वेअरमध्ये लिहून ती ३ पेक्षा कमी असल्याची अट घाला.

वर्ग आणि गुण या दोन कॉलमांवर, याच क्रमाने, एकत्र इंडेक्स हवाच. तरीही गट मोठा झाला की ही पद्धत दमते. हजार ओळींच्या गटात साधारण ५ लाख नोंदी मोजाव्या लागतात, लाखाच्या गटात ५०० कोटींच्या घरात. शाळेच्या वर्गाला मात्र काहीच अडचण नाही.

ओळी क्रमाने लावून प्रत्येक ओळीला एक व्हेरिएबल एकाने वाढवत नेण्याची युक्ती तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल. ती वेगवान आहे, आणि मीही वापरत होतो. एकदा त्याच क्वेरीत आणखी एक टेबल जोडलं आणि क्रमांक विस्कटले, एररही न येता. आतल्या सब-क्वेरीतला ऑर्डर बाय अशा वेळी ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) सोडून देऊ शकतो, आणि व्हेरिएबलला किंमत कधी दिली जाईल याचीही हमी नसते. निकालासारख्या गोष्टीत हा धोका पत्करू नका.

पुढे ८.० वर गेलात तर 'रो नंबर' चालेल, पण त्याच्या क्रमांकाची अट थेट वेअरमध्ये चालणार नाही, कारण वेअर आधी लागतो आणि क्रमांक नंतर पडतात. क्रमांक आतल्या क्वेरीत काढा, तिला एलियस (टोपणनाव) द्या आणि अट बाहेर लावा.